अक्काचा ‘हां’

श्रावण संपत आला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी पावणेसातला एक टेम्पो येऊन उभा राहतो आणि दोनदा हॉर्न देतो. हे थेट दसऱ्यापर्यंत चालतं. टेम्पोत बायका असतात. डोक्याला रुमाल, साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, मांडीवर डबा. त्या क्रॉसिंगला निघालेल्या असतात, म्हणजे बियाण्याच्या प्लॉटवर कपाशीच्या फुलांचा संकर करायला. बाहेरगावच्या पाहुण्याला हे काम समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ होते. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची. अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतली पुंकेसरांची नळी एका फिरकीत सोलून काढायची, पण मधल्या नाजूक दांड्याला ओरखडाही उठू द्यायचा नाही. वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या नर फुलातले पराग त्या दांड्यावर फिरवायचे आणि देठाला दोरा बांधायचा. असं दिवसभर, वाकून, शेकडो कळ्यांना. लोक जालन्याला स्टीलचं गाव म्हणतात, बियाण्याचं गाव म्हणतात. ते बियाणं बायकांच्या नखांतून येतं, हे पाकिटावर कुठं छापलेलं नसतं.

पहिल्या हॉर्नला माझी थोरली बहीण अंगणातल्या बाजेवर चहा पीत बसलेली असते. दुसऱ्या हॉर्नला तिचा कप ओठांपाशी थांबतो. टेम्पो निघून गेला की ती उरलेला चहा एका घोटात संपवते आणि कप विसळायला उठते. अकरा वर्षं मी खिडकीतून हे बघतो आहे. टेम्पो दुसऱ्या गल्लीतून न्यावा म्हणून एकदा ड्रायव्हरशी बोलायचंही माझ्या मनात आलं होतं. इतका मी भित्रा माणूस आहे.

तिला आम्ही अक्का म्हणतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर चार-पाच वर्षांतच दाजी गेले, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली आणि दुसऱ्याच हंगामात क्रॉसिंगच्या बायकांबरोबर जायला लागली. मी तेव्हा आठवीत होतो. माझं पुढचं शिक्षण, आयटीआयचा टर्नरचा कोर्स, सगळं तिच्या अंगठ्यावर झालं. हे मी अलंकारिक बोलत नाही. पुढे मी आयटीआयमध्येच निदेशक झालो, जालना जिल्ह्यातच मंठ्याला घर बांधलं आणि तिला घेऊन आलो. आता प्लॉटवर जायची काही गरज नाही, असं मी आणि माझी बायको सुमन, दोघांनीही तिला सांगून पाहिलं. "घरी बसून काय करू? हात आखडून जातेत," असं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोत जाऊन बसली.

खरं म्हणजे तिला ते काम आवडायचं, आणि तिच्याइतकं नीट ते कुणाला यायचं नाही. प्लॉटवाले तिला नावानं मागून घ्यायचे. बाकीच्या बायका ओळीत पुढं निघून जायच्या, मुकादमीण मागून "चला, चला" करत राहायची, पण अक्का आपल्या चालीनं चालायची. प्रत्येक कळीपाशी ती जणू पहिलीच आहे अशी थांबायची. तिच्या हातची कळी गळत नाही हे ठाऊक असल्यानं शेवटी मुकादमीणच गप्प व्हायची.

आषाढात अक्का उजव्या अंगठ्याचं नख वाढवायला लागायची. नख फार वाढलं तर दांडा चिरतो, कमी पडलं तर नळी अर्धवट राहते. बरोबर किती, ते तिचं तिलाच ठाऊक. आणि त्या नखाला धार लावायला ती माझ्या वर्कशॉपमध्ये यायची. माझ्याकडे बारीक दाण्याचा एक दगड आहे, लेथची, म्हणजे धातू कातायच्या यंत्राची, हत्यारं परजायचा. त्याला मी कुणाला हात लावू देत नसे. अक्का मात्र सरळ यायची, दगडाच्या एका कडेला दोन थेंब तेल सोडायची आणि मान वाकडी करून नख घासत बसायची. तो हळू करकर आवाज आणि तेलाचा वास म्हणजे माझ्यासाठी हंगाम सुरू झाल्याची खूण. दगडाच्या त्या कडेला अजून एक बारीकशी खाच आहे. मी आता दुसऱ्या बाजूनं हत्यारं परजतो.

वर्कशॉप म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. एमआयडीसीतला एक जुना कारखाना मोडीत निघाला, तेव्हा तिथला चार फुटी लेथ मी उचलून आणला होता. का, ते विचारू नका. दिवसभर पोरांना लेथ शिकवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा लेथच चालवायचा, याला सुमन वेड म्हणायची आणि ते होतंच. अडचण एकच होती. लेथची मोटर थ्री फेजची आणि घरातलं मीटर सिंगल फेजचं. थ्री फेज घ्यायचा तर कारखान्यासारखे कागद रंगवावे लागले असते, आणि गल्लीनं म्हटलं असतं, सरांनी घरात गिरणी काढली.

मी स्टँडजवळच्या हमीद मिस्त्रींकडे गेलो. ते मोटरी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटरींना नवीन वायंडिंग करून द्यायचे. त्यांच्या दुकानातला वार्निशचा वास शर्टाला लागून घरापर्यंत यायचा. त्यांनी मला एक खेळ दाखवला. थ्री फेजच्या मोटरीला सिंगल फेजच्या दोनच तारा जोडल्या आणि स्विच टाकला. मोटर नुसती गुरगुरत थरथरत राहिली, फिरेना. मग त्यांनी पुलीला हातानं हलकासा झटका दिला आणि मोटर सुसाट सुटली. बंद करून उलट बाजूला झटका दिला, तर उलटी.

"सर, ही आंधळी हाय बघा," हमीद मिस्त्री म्हणाले. "ताकद बराबर हाय तिच्यात. पन कोन्या बाजूला जायचं, ते तिला बिलकुल समजत न्हाई. कुनीतरी हात धरून लावून द्यावं लागतंय. एकदा निघाली, की मंग थांबत न्हाई."

तोडही त्यांनीच सांगितली. एक मोठी, तीन हॉर्सपॉवरची जुनी मोटर घ्यायची. तिला काम काहीच द्यायचं नाही. दोरीनं गती द्यायची आणि सिंगल फेजवर नुसती फिरत ठेवायची. ती फिरायला लागली, की तिच्या रिकाम्या तिसऱ्या तारेतून तिसरा फेज मिळतो आणि त्यावर लेथची लहान मोटर आरामात चालते. दोन्ही मोटरींची आतली जोडणी घरच्या व्होल्टेजला जुळेल अशी त्यांनी बदलून दिली, मोठी मोटर शेडच्या कोपऱ्यात बसवली आणि जाताना म्हणाले, "दोरी दोन-चार दिवस चालवा. मंग जल्दी एक कंडेन्सर आन् बटन लावून घ्या. बटन दाबलं की आपोआप निघंल. दोरीचा भरोसा न्हाई सर." मी हो म्हणालो. त्या दोन-चार दिवसांची तीन वर्षं झाली.

मोटरींची नावं अक्कानं ठेवली. थोरली आणि धाकटी. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, त्यावरून.

"ही थोरली काय काम करती रे बापू?" तिनं विचारलं होतं.

"काही नाही. नुसती फिरते. ती फिरते म्हणून धाकटीला काम करता येतं."

"मंग बराबर नाव ठिवलं मी," अक्का म्हणाली आणि हसली. मीही हसलो. त्यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दोरी ओढायचं काम अक्काकडे कसं आलं, ते सांगायला हवं. स्विच आणि व्होल्टमीटर दाराजवळच्या बोर्डावर होते, थोरली समोरच्या कोपऱ्यात. एकट्याला दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. सुमनला त्या खडखडाटाची भीती वाटायची. अक्काला नाही वाटायची. गावाकडे विहिरीवरचं डिझेल इंजिन तिनं हँडल मारून चालू केलेलं. ती शेडमध्ये यायची, पदर खोचायची, दोरीच्या टोकाची गाठ पुलीच्या खाचेत अडकवायची, तीन वेढे द्यायची, दुसरं टोक मुठीला गुंडाळायची आणि अंग मागं टाकून एकच झटका द्यायची. पुली भणाणत फिरायची, गाठ खाचेतून सुटायची, दोरी मोकळी होऊन तिच्या हातात यायची, आणि मग ती म्हणायची, "हां!" त्या ‘हां’वर मी स्विच टाकायचा. हा आमचा नियम होता आणि तो मीच घालून दिला होता. आयटीआयमध्ये नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर जे लिहायचो, त्याची पहिली ओळसुद्धा तीच होती: यंत्राजवळच्या माणसाने सांगितल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही.

थोरली लागली की घरातले दिवे आधी मंद व्हायचे, मग पुन्हा उजळायचे. स्वयंपाकघरातून सुमनचा "लागली का?" असा आवाज यायचा. अक्का दोरी कोपराभोवती गुंडाळत थोरलीकडे कौतुकानं बघायची आणि "निघाली बाई" असं म्हणायची, जणू नातीला शाळेत पोचवून आली आहे. दुपारी डोळा लागला की तिचा तो ‘हां’ मला अजून कधीकधी ऐकू येतो आणि माझा हात उशापाशी काहीतरी चाचपडतो. जाग आल्यावर कळतं की तो स्विच शोधत होता.

कंडेन्सर आणायला मला वेळ नव्हता असं नाही. हमीद मिस्त्रींचं दुकान माझ्या जायच्या-यायच्या वाटेवर होतं. ते हटकायचेसुद्धा, "सर, बटन बसवलं का?" मी "या रविवारी" म्हणायचो. खरी गोष्ट अशी, की मला ते दोरीचं प्रकरण आवडायला लागलं होतं. शेजारचे बघायला यायचे, सरांनी घरच्या लाईटवर थ्री फेज चालवला म्हणून बाहेर सांगायचे. बटण लावलं असतं तर त्यात बघण्यासारखं काय उरलं असतं? माझ्या हौसेची दोरी दुसऱ्या कुणाच्या मुठीला गुंडाळलेली आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल. आता नक्की सांगता येत नाही.

त्या वर्षी भाद्रपदात दुपारी-दुपारी झिमझिम लागून राहिली होती. ओल्या कळीला हात लावत नाहीत, म्हणून बायका मधेच परतायच्या. दारात अक्काच्या चपला काळ्या चिखलानं दुप्पट जड होऊन पडलेल्या असायच्या. शर्टाच्या खिशातून लाल कागदाचे तुकडे निघायचे, कधी कपाशीचं एखादं विसरलेलं फूल. खिशात जाताना ते पांढुरकं पिवळं असायचं आणि दुसऱ्या दिवशी धुण्यात सुमनला सापडायचं तेव्हा गुलाबी झालेलं असायचं. सुमन ती फुलं टाकून द्यायची नाही, मोरीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवायची. त्या वर्षीच्या हंगामातलं मला आधी आठवतं ते हे. मग बाकीचं आठवतं.

महालक्ष्म्या तीन दिवसांवर आल्या होत्या. आमच्या कनिष्ठेचा मुखवटा स्टँडवर नेहमी थोडासा कलायचा, दरवर्षी खाली कागदाची घडी घालावी लागायची. यंदा मी त्याला पितळेची नीट मापाची बैठक लेथवर काढून देणार होतो. सुमनपाशी तशी बढाई मारून झाली होती. संध्याकाळचे सहा वाजत आले होते, आणि त्या वेळेला गल्लीतले पंखे-टीव्ही सुरू झाले की व्होल्टेज पडायचं. बोर्डावरच्या मीटरवर मी लाल पेन्सिलीनं एक खूण केली होती. काटा त्या खुणेखाली असला, की थोरली निघायची नाही, नुसती गुरगुरायची. अक्का प्लॉटवरून आत्ताच आली होती, तिचा चहासुद्धा झाला नव्हता. दोनदा ओढून झालं होतं आणि दोन्ही वेळा थोरली हटून बसली होती.

"बापू, उद्या करू की रे. हात भरून आले माझे."

"एकदाच, अक्का. काटा चढतोय बघ."

तिनं पुन्हा वेढे दिले. मी काट्याकडे बघत होतो. काटा खरंच चढत होता. तो खुणेला टेकला, आणि आत्ताची संधी गेली तर आज काही काम व्हायचं नाही, असं मला वाटलं. मागून दोरी ओढल्याचा आवाज आला. ‘हां’ आला नाही. गाठ खाचेतच अडकून राहिली होती. मी स्विच टाकला.

थोरलीनं दोरी आपल्याकडे गुंडाळून घेतली. अक्का ओरडली नाही. "बापू" एवढंच म्हणाली, अगदी हळू, जेवायला बोलावतात तसं. मी स्विच बंद करेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. उजव्या अंगठ्याचं वरचं पेर, नखासकट.

दवाखान्यातले डॉक्टर ओळखीचे होते. पट्टी करता करता त्यांनी विचारलं, "सर, हे झालं कसं?" प्रश्न साधा होता. मी म्हणालो, "गाठ सुटायच्या आधीच ही ‘हां’ म्हणाली. जरा घाई झाली हिची."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. दुखण्यानं तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण नजर अगदी स्वच्छ होती. मग ती डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "हां, माझीच घाई झाली." हा ‘हां’ मात्र मी बरोबर ऐकला.

तसं का म्हणालो, याचा विचार मी अकरा वर्षं केला आहे, आणि दर वेळी आधीपेक्षा वाईट उत्तर सापडतं. आधी वाटायचं, घाबरलो होतो. मग वाटलं, निदेशकाच्या हातून असं झाल्याचं गावात कळेल याची लाज होती. आता वाटतं, अक्का मला उघडं पाडणार नाही याची मला खात्री होती म्हणून म्हणालो. दुसऱ्या कुणाचा अंगठा असता तर मी इतक्या सहज खोटं बोललो नसतो.

एकदा बोललेलं मग आपलं आपण फिरायला लागलं. सुमनला तेच सांगितलं, शेजाऱ्यांना तेच. आमची मुक्ता तेव्हा बारावीला होती, तिलाही. वर्षभरात तो घरातला किस्सा झाला. कुणाचं दूध उतू गेलं, कुणाची पिशवी एसटीत राहिली, की "अक्काची घाई" म्हणायचं. लग्नाकार्यात पाहुणे हसायचे आणि अक्काही हसायची, उजवा हात पदराखाली घेऊन. आणि सगळ्यात वाईट पुढेच आहे. मी ते वर्गात उदाहरण म्हणून सांगायला लागलो. फळ्यावरची पहिली ओळ लिहून झाली की म्हणायचो, "माझ्या माहितीतल्या एका बाईंनी दोरी सुटायच्या आधीच इशारा दिला आणि अंगठा गमावला. इशारा देणाऱ्यानं घाई करायची नाही." पोरं वहीत लिहून घ्यायची. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तुकडीला मी हे शिकवलं.

कंडेन्सर मी अपघातानंतर चौथ्या दिवशी बसवून घेतला. हमीद मिस्त्री आले, एका दुपारचं काम होतं. त्यांनी दोरी हातात घेऊन पाहिली, गाठ पाहिली, पुलीच्या खाचेवर बोट फिरवलं. कारागीर माणूस, त्यांना कळलं असावं. नेहमी चहा घेतल्याशिवाय न उठणारा माणूस त्या दिवशी चहा न घेता गेला. पुढे ते वारले. त्यांच्या मयतीला गेलो तेव्हा, यांना तरी खरं सांगायला हवं होतं, असं सारखं वाटत राहिलं. बैठक मी पुढच्या वर्षी पुरी केली. तेव्हापासून आमची कनिष्ठा अगदी सरळ उभी राहते, आणि आरतीच्या वेळी मी तिच्याकडे बघत नाही.

अक्का पुढच्या हंगामात टेम्पोत बसली होती. कळी सोलायला नख नव्हतं, म्हणून मुकादमीणबाईनं तिला सकाळचं पराग फिरवायचं काम दिलं. तेही फूल तिच्या चिमटीतून निसटायला लागलं. दोरा बांधायला दुसऱ्या बायका मदत करायच्या, आणि मदत घेऊन काम करायची तिला सवय नव्हती. पंधरा दिवसांनी एका सकाळी हॉर्न वाजला तरी ती बाजेवर बसून राहिली. "जायचं नाही?" मी विचारलं. "न्हाई. झालं आता," ती म्हणाली. त्यानंतर दोन आषाढ मी तिला डाव्या अंगठ्याचं नख वाढवताना पाहिलं. डावा हात काही शिकला नाही.

यंदा मुक्ता महालक्ष्म्यांना पुण्याहून आली ती एक लहानसा डबा घेऊन. ती आता अशाच यंत्रांच्या कंपनीत नोकरीला आहे. "बाबा, हा ड्राइव्ह," म्हणाली. "इकडून सिंगल फेज द्यायचा, तिकडून थ्री फेज घ्यायचा. मधे काहीच नको." आणि जेवणाच्या दिवशी, सकाळच्या गडबडीतच तिनं तो बसवूनही टाकला. घरात पुरण शिजल्याचा वास, सोळा भाज्यांची चिराचिर, आल्या-गेल्याची वर्दळ. बघायला शेडमध्ये सगळे जमले. सुमन, माझे दोन चुलतभाऊ, शेजारच्या दोघी-तिघी. अक्का दारात उभी होती. मुक्तानं हिरवं बटण दाबलं. लेथ बारीक शीळ घालत हळूहळू वेग घ्यायला लागला. गुरगुर नाही, दिवे मंद होणं नाही. थोरली कोपऱ्यात गप्प होती.

"मंग आता थोरलीचं काय?" अक्कानं विचारलं.

"तिचं आता काहीच काम नाही आत्या. भंगारात देऊन टाकू," मुक्ता म्हणाली. तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. मग हसून म्हणाली, "आता दोरीही नको आणि आत्याची घाईही नको!"

सगळे हसले. अक्का हसली आणि तिचा उजवा हात पदराखाली गेला. हे मी दर वेळी पाहत आलो होतो. या वेळी काय वेगळं झालं, मला सांगता येणार नाही. थोरलीचं काय, हा तिचा प्रश्न कानात राहिला होता, एवढं खरं.

"घाई तिची नव्हती," मी म्हणालो. लेथच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मी लेथ बंद केला आणि वर्गात बोलतात तसं मोठ्यानं म्हणालो, "घाई माझी होती. गाठ सुटली नव्हती आणि ती ‘हां’ म्हणाली नव्हती. मी काट्याकडे बघत होतो. स्विच मी टाकला. डॉक्टरांशी खोटं बोललो आणि तुम्हा सगळ्यांशीही."

मुक्ताचा चेहरा एकदम उतरला. सुमन माझ्याकडे बघत राहिली, मी ओळखीचा वाटतो का हे ताडून पाहावं तसं. अक्का तेवढी हलली. "सणासुदीचं काय काढून बसलास? नैवेद्य व्हायचाय अजून," असं म्हणून ती घरात गेली. मग बाकीचेही एकेक करून गेले.

जेवणं झाली. पानात टाकायची नाही म्हणून पुरणपोळी संपवली. दुपारी घर जरा निजल्यावर मी शेडमध्ये जाऊन बसलो. हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही वाटलं नाही. जे अकरा वर्षं अडून बसलं होतं, ते एका मिनिटात झालं होतं. म्हणजे ते कोणत्याही दिवशी होण्यासारखं होतं.

अक्का हात पुसत आली आणि स्टुलावर बसली. ती थोरलीकडे बघत होती.

"तू का बोलली नाहीस?" मी विचारलं.

"डॉक्टरसमोर तुला खोटं पाडू का? मास्तर माणूस तू." मग म्हणाली, "मला वाटलं, घरी आल्यावर म्हणशील. मंग वाटलं, पट्टी सुटल्यावर म्हणशील. मुक्ताच्या लग्नात समदे हसून राह्यल्ते, तवा वाटलं, आज तरी म्हणशील."

मी खाली बघत होतो. माझ्या चपलांपाशी पितळेचा थोडा जुना कीस पडलेला होता.

"अंगठ्याचं न्हाई रे बापू," अक्का म्हणाली. "अंगठा काय, यंत्रात जातोच कुनाचा तरी. पन येवढ्या वर्षांत मी एक कळी घाईनं सोलली न्हाई. आन् समदं गाव मला घाईची म्हणून राह्यलं."

चूक झाली, असं म्हणालो. ते शब्द फार लहान होते आणि दुसरे मला येत नव्हते. तिनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की असू दे म्हणून, ते मला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क मी गमावला होता.

थोड्या वेळानं ती उठली आणि नव्या डब्यापाशी गेली.

"हे कसं लावायचं?"

मी हिरवं बटण दाखवलं. तिनं उजवा हात पदराबाहेर काढला आणि अंगठ्याचं थोटूक त्या बटणावर नेऊन ठेवलं. दाबलं नाही. मी लेथपाशी उभा होतो, जुन्या सवयीनं एक हात त्याच्या फिरणाऱ्या भागावर, चकवर टेकलेला. तिला बटण सापडलं नसावं असं वाटून मी "दाब की" म्हणणार होतो. मग पाहिलं, तर ती डब्यावरच्या आकड्यांकडे बघतच नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती. ती थांबली होती.

मी हात काढून घेतला आणि दोन पावलं मागं सरलो. ती तरीही थांबलेलीच होती.

"हां," मी म्हणालो.

तेव्हा कुठं अक्कानं बटण दाबलं.